दवाखान्यातला फोटो

"नाही," आक्का म्हणाली. छायाचित्रकार श्रीरंगची मदतनीस अन्वया हिच्या मनगटावरच्या दुभाषी यंत्राने तिचा नकार स्वच्छ मराठीत ऐकवला.

आक्का म्हणजे चौदा फुटी वाघमुशी, टायगर शार्क. लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात ती श्रीरंगभोवती चकरा मारत होती. प्राण्याच्या संमतीशिवाय त्याचा फोटो काढायचा नाही, असा कायदा आला होता. श्रीरंगच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाला मात्र तिचा उघडा जबडाच हवा होता आणि प्रकाशकाने आठवड्याची मुदत दिली होती.

"आक्का, राग कसला?" त्याने मास्कमधल्या माइकवरून विचारलं.

"तू काढलेला माझा तो बक्षीसवाला फोटो! 'मृत्यूचा जबडा' म्हणे. अरे मेल्या, मी दात साफ करून घेत होते तेव्हा. ते छोटे मासे आमचे डेंटिस्ट आहेत. दवाखान्यातला फोटो कुणी जगाला दाखवतं?"

"चुकलं माझं."

"ते असू दे. तुझा तसलाच फोटो इथे लाव, मग काढ माझा."

तीन दिवसांनी प्रवाळाला टेकून मोठा फलक उभा राहिला. त्यावर डेंटिस्टच्या खुर्चीत आडवा झालेला श्रीरंग होता, गालात नळी, हनुवटीवर लाळ. खाली त्याचीच ओळ: 'मृत्यूचा जबडा'. बावीस मुश्या रांगेने येऊन बघून गेल्या. दोघी तर परत रांगेत लागल्या.

"आता काढू?" श्रीरंगने कॅमेरा उचलला.

"काढ की. शब्द म्हणजे शब्द."

आक्का अगदी समोर आली आणि तोंड घट्ट मिटून, पासपोर्टच्या फोटोसारखा चेहरा करून पोहत राहिली.

"आक्का, तोंड उघडा ना!"

"फोटोचं ठरलं होतं, बाळा. तोंड मी डेंटिस्टकडेच उघडते."