नववी ब मधली यादवी

"मागच्या बाकावरचं बोलणं बंद!" क्रांतीने टेबलावर डस्टर आपटलं. उडालेल्या पांढऱ्या धुरळ्याने तिलाच शिंक आली आणि नववी ब चा वर्ग फिदीफिदी हसला.

वर्गात चोवीस जण होते. खिडकीकडच्या रांगेत सयाजीचा गट, दाराकडच्या रांगेत आकारामचा. मधल्या रांगेत पहिल्या बाकावर एकटी कुलसुम. बाकी ती रांग मोकळीच. गेल्या दिवाळीपासून या दोन रांगा एकमेकींशी बोलत नव्हत्या. पाण्याची बाटलीसुद्धा इकडची तिकडे जात नव्हती.

एवढंच असतं तर कोणी मनावर घेतलं नसतं. पण शाळेच्या फुटबॉल संघाचा फॉर्म आज पाचच्या आत शाहूपुरीतल्या स्पर्धेच्या ऑफिसात पोचायला हवा होता, आणि त्यावर सयाजी आणि आकाराम अशा दोघांच्याही सह्या लागत होत्या. सयाजी म्हणे, आधी त्याने करावी. आकाराम म्हणे, आधी ह्याने नीट विचारावं. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात राहून एक चांगला संघ सहीवाचून घरी बसणार, ही कल्पनाच क्रांतीला सहन होत नव्हती. तिचा सगळा जीव त्या कागदात अडकला होता. तिच्या हातात हा एक तास होता आणि तोही तिने मागून घेतला होता.

तिने फळ्यावर लिहिलं, 'अमेरिकेतील यादवी युद्धाची कारणे'.

"मॅडम, हे परीक्षेला न्हाय!" सयाजी ओरडला. त्याचे लांब पाय बाकाखाली मावत नव्हते, म्हणून तो तिरका बसला होता.

"माहीत आहे. वही काढ."

वही त्याने आणलीच नव्हती. निम्म्या वर्गाने आणली नव्हती. कुलसुमने आपल्या वहीची मधली पानं फाडून दोन्हीकडे वाटली.

"अठराशे साठ साली एका किल्ल्यावर तोफा डागल्या आणि युद्ध पेटलं," क्रांती म्हणाली.

"एकसष्ट," कुलसुम हळूच पुटपुटली. इतिहासात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नव्हतं. क्रांतीने मुकाट्याने आकडा दुरुस्त केला.

"तोफा हे तात्कालिक कारण. आता मूळ कारण बघू. हरल्यानंतर दक्षिणेकडचे सांगत राहिले की आम्ही आमच्या राज्यांच्या हक्कांसाठी लढलो. कसला हक्क? माणसं विकत घ्यायचा. त्यांना कापसाच्या शेतात मरेस्तोवर राबवायचा. मूळ कारण गुलामगिरी. पण ते बोलायची लाज वाटते, मग दुसरं चांगलं नाव शोधायचं."

मागच्या बाकावरचेही पुढे सरकून ऐकत होते.

"तुमच्यासमोर कोरे कागद आहेत. या वर्गातल्या यादवीचं कारण लिहा. अट एकच. समोरच्या गटाचं म्हणणं लिहायचं, आपलं नाही."

"त्यांचं आमाला काय म्हाईत?" आकाराम गुरगुरला.

"मग दहा महिने भांडताय कशावर?"

कोणीतरी खुसकन हसलं. मग पेनं चालू लागली.

क्रांतीने कागद गोळा करून वाचायला घेतले. पहिल्यावर लिहिलं होतं, पांढरा रस्सा. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावरही तेच. दिवाळीत बिद्री गावी, यांच्यातल्याच प्रियदर्शनीच्या घरी सगळे जेवायला गेले होते. सयाजीच्या पंगतीत पांढरा रस्सा दोनदा फिरला आणि आकारामच्या पंगतीला पातेलं रिकामं झालं. त्यावरून शब्दाला शब्द लागला, तो आजपर्यंत.

"रस्सा म्हणजे नुसती तोफ झाली," क्रांती म्हणाली. "मूळ कारण कोणीच लिहिलं नाही?"

शेवटचा कागद चार घड्या घातलेला होता. तिने तो उघडला आणि मोठ्याने वाचला.

"वर्षभर पहाटे मैदानावर आकाराम राबला. कप जिंकल्यावर पेपरातल्या फोटोत मी मधी उभा राहिलो. त्याचा निम्मा चेहरा कापला गेला. मी बघितलं आणि गप्प बसलो."

अक्षर कोणाचं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"सयाजी, ऊठ." नाव घेताना क्रांतीची जीभ अडखळली. पण इथे माघार घेतली तर सगळंच गेलं, हे तिला कळत होतं. "लिहिलंस ते खरं?"

"व्हय."

"मग मला काय सांगतोस? त्याला सांग."

सयाजी मधली रांग ओलांडून पलीकडे गेला.

"चुकलं माझं, आकाराम. त्या फोटोत मधी तूच पायजे हुतास."

आकाराम दाराबाहेर बघतच बोलला. "आईला पेपर दावला तर म्हणती, ह्यात तू कुठं हाईस रं? काय सांगू तिला?"

"चल, मी येतो सांगायला."

"मोकळ्या हातानं नगं. पांढरा रस्सा घिऊन ये," आकाराम म्हणाला आणि बाकावर सरकून त्याने जागा केली.

मग जे झालं त्याला वर्ग म्हणणं कठीण. बाकं वाजली, शिट्ट्या झाल्या, दोन्ही रांगा मधल्या रांगेत येऊन एकमेकांच्या गळ्यात पडल्या. कुलसुम डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. क्रांतीला तर टेबलावर चढून नाचावंसं वाटत होतं. जिंकली होती ती, एका तासात आणि एका खडूत!

घड्याळात सव्वाचार वाजले होते. तिने फॉर्म दोघांपुढे ठेवला.

सयाजीने 'मुख्याध्यापक' लिहिलेल्या रेघेवर सही केली, आकारामने 'क्रीडाशिक्षक' लिहिलेल्या.

"शिक्षक दिन संपला, मॅडम. आता परत मास्तर आमी," आकाराम म्हणाला. "साडी बदला, बूट घाला. दहावीची गोलकीपर धा मिनिटांत मैदानावर पायजे."