कोणाच्याच भागात नाही

“आणि ही वखारीमागची वस्ती? ही कोणाकडे टाकायची?” साहेबांनी पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवलं.

विक्रीचे आणि दुरुस्तीचे भाग सॉफ्टवेअरमध्ये आखून देण्याचं काम तिच्याकडे होतं. एकदा नियम घातले की गिऱ्हाइकाचा पत्ता पाहून सॉफ्टवेअरच ठरवणार, फ्रिज विकायला कोणी जायचं आणि बिघडला तर कोणी धावायचं. सगळं शहर वाटून झालं होतं. तेवढी वस्ती उरली होती.

“तिथे फ्रिज कोण घेतंय?” विक्रीवाला म्हणाला. “आत ठेवायला काही हवं ना आधी!”

सगळे हसले. तीही हसली. त्याच वस्तीत ती लहानाची मोठी झाली होती. आई अजून तिथेच राहत होती. ऑफिसात कोणाला याचा पत्ता नव्हता. तिनेच लागू दिला नव्हता.

“तिथे आपलं कोणी गिऱ्हाईक नाही, सर,” ती म्हणाली आणि वस्ती नियमातून वगळून मोकळी झाली. आईला स्वतः नेऊन दिलेला फ्रिज तिला लगेच आठवला. पण बोललेलं मागे घ्यायला जीभ रेटेना.

पुढच्याच आठवड्यात तक्रारी घेणारी मुलगी हातात फोन घेऊन तिच्या टेबलाशी आली.

“ताई, या आजी रोज फोन करतायत, आत्ताही लाइनवर आहेत. फ्रिज बंद पडलाय, साखरेची इंजेक्शनं आत आहेत म्हणे. तक्रार नोंदवायला गेलं की सॉफ्टवेअर म्हणतं, हा पत्ता कोणाच्याच भागात नाही. पाठवू तरी कोणाला?”

तिने फोन घ्यायला हात पुढे केला.

“आणि गंमत ऐका. म्हणतात, माझी लेक तुमच्याच ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हटलं, मग नाव सांगा, चुटकीसरशी काम होईल. तर सांगतच नाहीत! म्हणतात, नको गं बाई, तिला चारचौघांत खाली बघावं लागेल.”

शेजारच्या टेबलावरून विक्रीवाल्याने मान वर केली. तिने फोन कानाला लावला.

“बोला.”

पलीकडून आई म्हणाली, “नमस्कार, मॅडम.”

आईने आवाज ओळखला होता. ‘आई’ हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. विक्रीवाला अजून बघतच होता.

“पत्ता सांगा,” ती म्हणाली.

“घ्या लिहून. वखारीच्या मागची गल्ली. नळ ओलांडला की डाव्या हाताचं शेवटचं दार. वाट जरा वाकडी आहे, पण कोणालाही विचारा, दाखवतील.”

आई एकेक शब्द सुटा करून सांगत होती, त्या घरी कधीच न आलेल्या माणसाला सांगावं तसं.