वाचणार कोण?

तिसऱ्या दारावरच्या ब्रेल पाटीवरून वृंदाचं बोट फिरलं आणि ती थबकली. ‘स्वच्छतागृह’. मागच्या दोन्ही दारांवर हेच होतं.

नवी तालुका कचेरी अंध-अपंगांना वापरता येईल का, हे तपासून सांगायला जन्मांध वृंदालाच बोलावलं होतं. तिची सही झाली की सोमवारी उद्घाटन.

“ही कुठली खोली?” ती प्रत्येक दाराशी विचारत गेली. तहसीलदारांची केबिन, असं सोबतच्या इंजिनिअरनं सांगितलं; बोटाखाली ‘स्वच्छतागृह’. दाखल्यांची खिडकी, ‘स्वच्छतागृह’. आग लागली तर ज्यातून पळायचं, त्या जिन्याच्या दारावरसुद्धा तेच!

“सगळ्या पाट्या एकच कशा?” तिचा आवाज चढला.

“नमुना एकच मिळाला मॅडम, त्याच्याच एकवीस काढल्या,” इंजिनिअर हसत म्हणाला. “नियमाला ठिपके लागतात, ठिपके दिलेत. वाचणार कोण आहे?”

वृंदाच्या डोक्यात तिडीक गेली. मघापासून आपण वाचतोय, ते या माणसाला भिंत चाचपणं वाटत होतं!

“सही करून टाका, पाट्या मागाहून बदलू.”

“करते ना. आधी अहवाल लिहून घ्या.” काठी फरशीवर आपटत तिनं एकेक वाक्य सांगितलं. “इमारतीत एकवीस स्वच्छतागृहं आहेत. तहसीलदारांना बसायला खोली नाही. दाखले मिळायला खिडकी नाही. आग लागली तर बाहेर पडायला दार नाही.”

“मॅडम, हे असं कसं लिहू?” इंजिनिअरचं हसू पार मावळलं होतं.

“लिहा की,” वृंदा म्हणाली. “वाचणार कोण आहे?”