पहिलं गिऱ्हाईक

बर्मिंगहॅममधल्या प्रदर्शनात व्हर्नन ट्रँटर नातीला, एस्मेला, आपली मर्दुमकी ऐकवत होते. हेवी मेटल या दणदणाटी रॉक संगीताची ती पहिलीवहिली तबकडी त्यांच्याच गल्लीतल्या चार पोरांनी केलेली.

"सत्तर साली निघाली, त्याच दिवशी घेतली मी. ऐकताक्षणी ओळखलं, हे प्रकरण वेगळं आहे!"

"मग कुठाय ती?"

"घर बदलताना हरवली गं."

"आजोबा, थापा नाहीत ना? मी अख्ख्या वर्गाला सांगितलंय."

"छे!"

पुढच्या काचपेटीत, तेव्हा रेकॉर्डच्या दुकानात आलेलं एक पत्र होतं. एस्मे मोठ्याने वाचू लागली, तसे काळ्या टी-शर्टांतले हेवी मेटलचे चाहतेही घोळका करून उभे राहिले.

"महाशय, कालच घेतलेली तबकडी खराब निघाली. आमच्या कारखान्यातल्या घणाचे ठोके तिच्यात शिरलेत. ते ऐकायचा मला पगार मिळतो, घरी पदरचे पैसे मोडून ऐकणार नाही. बदल्यात ब्रास बँडची द्यावी. आपला, व्ही. ट्रँटर."

घोळका हसला. एस्मेने वळून पाहिलं.



व्हर्ननआजोबांनी टोपी काढली. "बघ, ऐकताक्षणी ओळखलं होतं की नाही?"