त्या मापाची सून

होणाऱ्या सासूबाईंनी लग्नाचा अस्तर लावलेला ड्रेस पाठवला आणि फोनवर मुलीच्या आईला बजावलं, "कंबरेत चांगली तीन बोटं आत घ्या. घट्ट ड्रेस डोळ्यांसमोर असला, की पोरगी आपोआप तोंड आवरेल."

फोनमध्ये मागून नवरदेव खिदळला, "घराची दारं रुंद करण्यापेक्षा ते स्वस्त पडेल."

आई नुसती "हो, हो" म्हणत राहिली. मुलीनं शेजारी बसून सगळं ऐकलं आणि ड्रेस उलटा केला. अस्तर खालून उसवलं. कुठं चुणी राहू नये म्हणून वरचं कापड वेगळं, अस्तर वेगळं आत घेतलं. शिवणीवरून इस्त्री फिरवली आणि अस्तर पुन्हा हातानं टाचलं.

आईचा जीव भांड्यात पडला. "शहाणी गं माझी बाय. आता लग्नापर्यंत जेवण तेवढं सांभाळ."

मुलीनं ड्रेसची घडी खोक्यात ठेवली आणि सासूबाईंना फोन लावला. "ड्रेस तुम्ही सांगितलात तसा केलाय, उद्या परत पाठवते. त्यात मावेल अशी सून तेवढी आता तुम्ही शोधा."

मग फोन ठेवून ती आईला म्हणाली, "वाढ गं, भूक लागलीय."