तिसरं घर

पिल्लू चपला खातं, ही एकच गोष्ट विशाखाने त्याला पाळायला निघालेल्या निमकरकाकांना सांगितली नव्हती. तिने गटारातून काढलेलं ते पिल्लू, अर्धं गावठी आणि अर्धं देव जाणे काय, या चपलांपायीच दोन घरांतून परत आलं होतं.

“त्रास देतं का?” काकांनी करड्या आवाजात विचारलं.

“छे! फार शहाणं आहे हो.”

तेवढ्यात ते शहाणं बाळ दारातून काकांची करकरीत कोल्हापुरी चप्पल ओढत आलं आणि त्यांच्यादेखत तिचा अंगठा कुरतडू लागलं.

विशाखाने पट्टा उचलला. हेही घर गेलं!

काका उठले. दुसरी चप्पल आणून त्यांनी पिल्लापुढे टाकली.

“एकट्या चपलेचं मी काय करू?” ते म्हणाले. “पट्टा राहू दे इथेच. संध्याकाळी आम्ही दोघं अनवाणीच फिरून येऊ.”