हार घातलेली रुग्णवाहिका

गावाला मिळालेली नवी रुग्णवाहिका तीन आठवडे ग्रामपंचायतीसमोर हार घालून उभी होती. भर दुपारी बन्सीलालच्या छातीत कळ आली, तशी त्याची बायको रुक्माबाई तिथे धावली.

"अक्का, लोकार्पण बाकी शे. साहेब येत नही तोवर गाडी हालत नही," ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला.

शेवटी तिने नवऱ्याला केळीच्या टेम्पोत घालून जळगावचा रस्ता धरला. वाटेतच त्याने तिच्या मांडीवर जीव सोडला.

संध्याकाळी ती त्याला घेऊन परतली, तेव्हा सजावटीच्या दिव्यांची वायर शॉर्ट होऊन रुग्णवाहिका जागच्या जागी पेटली होती.

दुसऱ्या दिवशी सांत्वनाला आलेला सरपंच तिच्याच ओट्यावर बसून पेपरातली आगीची बातमी मोठ्याने वाचत होता.


"सुदैवाने कोणतीही जीवितहानी झाली नाही."